आई करत्या आहेत का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये बाबा रात्री अडीच वाजता बाथरूमच्या दारात पडले. लागलं फार नाही, कोपर सोलवटलं फक्त, पण आईला काही ते उचलेनात आणि तिने कोणाला उठवलंही नाही, तिथेच त्यांच्या डोक्याखाली उशी दिली, अंगावर चादर घातली आणि स्वतः शेजारी स्टूल घेऊन बसली ते थेट साडेपाचला दूधवाला येईपर्यंत. दूधवाल्याने आणि वरच्या मजल्यावरच्या मुलाने मिळून बाबांना पलंगावर नेलं. मला हे कळलं दोन दिवसांनी, तेही शेजारच्या काकूंकडून. मधल्या दोन दिवसांत माझं आईशी चार वेळा फोनवर बोलणं झालेलं आणि त्यात तिने सांगितलं काय, तर पाणी आज उशिरा आलं आणि भेंडी फार महाग झालीये.

मी ठाण्याला, बँकेत नोकरी, मुलगी तेव्हा बारावीला. दादा ऑकलंडला. आईबाबा चिंचवडला, दुसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा एचएमध्ये होते, म्हणजे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, युनियनवाले, वय ८१, आणि २०१७ पासून पार्किन्सन्स. आई ७६, गुडघे गेलेत पण बाकी खणखणीत, स्वयंपाक स्वतः करते, दुधाचा हिशोब कॅलेंडरवर लिहिते, पोळ्यांना बाई लावूया म्हटलं की तीन दिवस अबोला धरते.

पार्किन्सन्स ज्यांनी घरात पाहिलाय त्यांना माहितीये, माणूस मोकळ्या हॉलमध्ये बऱ्यापैकी चालतो पण दाराची चौकट आली की पाय जमिनीला खिळे मारल्यासारखे, वरचं अंग पुढे जातं आणि पाय मागेच राहतात, आणि मग तोल जातो. म्हणजे आम्हाला नर्स नको होती. इंजेक्शन नाही, सलाईन नाही, काही नाही. रात्री उठून हात धरणारं, आंघोळीच्या वेळी आसपास असणारं, डब्यात भरून ठेवलेल्या गोळ्या घड्याळ बघून हातात देणारं आणि संध्याकाळी पॅसेजमध्ये चार फेऱ्या मारून आणणारं कोणीतरी हवं होतं. मला वाटलं हे तर सोपं आहे, पैसे दिले की मिळेल.

इयर एंडिंगच्या धामधुमीत, लंच टाइममध्ये बँकेच्या जिन्यात उभं राहून मी पेशंटसाठी बाया पुरवणाऱ्या ब्युरोंना फोन केले. नंबर कुठून मिळाले तर मेडिकलवाल्याकडून, हॉस्पिटलबाहेर चिकटवलेल्या कागदांवरून, ऑफिसातल्या एकीच्या सासूबाईंसाठी लावलेल्या ब्युरोकडून. सगळ्यांचे प्रश्न तेच आणि जवळपास त्याच क्रमाने. पेशंट लेडीज का जेंट्स? वजन किती? डायपर का टॉयलेटला जातात? बेडरिडन आहेत का? रात्री किती वेळा उठतात? बारा तास पाहिजे का चोवीस? बाबांचं वजन ५८ किलो हे ऐकून एकजण "वा वा" म्हणाला, मला आधी कळेना वा वा काय त्यात, नंतर कळलं की नव्वद किलोच्या पेशंटला कोणी यायला तयार होत नाही, उचलायला लागतं ना. रात्री तीनपेक्षा जास्त वेळा उठणार असतील तर चोवीस तासांची एक बाई मिळणार नाही, दोन शिफ्टच्या दोन घ्या म्हणजे पैसे दुप्पट, हेही तेव्हाच कळलं. मी "दोनदा उठतात" सांगितलं. चारदा उठत होते. हे मी मुद्दाम लिहितीये कारण याचा त्रास पुढे ज्या बाईला झाला तिच्याशी मी खोटं बोलले होते, ब्युरोशी नाही.

एका ब्युरोतल्या बाईंनी मात्र शेवटी एक वेगळाच प्रश्न विचारला. "घरात अजून कोण? आई करत्या आहेत का?"

मी अगदी अभिमानाने म्हटलं, हो, सगळं स्वतः करते.

त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "मग अवघड जाईल मॅडम. बाई देते मी, पण आजी करत्या असल्या की सासू-सुनेचं होतं. बेडवरच्या पेशंटकडे बाई दोन-दोन वर्षं टिकते, आणि करत्या आजीकडे महिनाभर नाही टिकत."

मला हसू आलं. वाटलं आत्तापासूनच बहाणे तयार करून ठेवतायत.

ठरलं ते असं: दिवसाला ९०० रुपये, चोवीस तास, महिन्याचे २७,०००, महिना ३१चा असला तर ३१ दिवसांचे. राहणं, जेवण, चहा-नाश्ता, तेल-साबण आपल्याकडे. रजिस्ट्रेशनचे वेगळे, आणि त्यात तीन महिन्यांत दोनदा बाई बदलून मिळणार. काम फक्त पेशंटचं, घरकाम सांगायचं नाही. आणि बाई परस्पर ठेवून घेतली तर दोन महिन्यांचे पैसे दंड, हे खाली बारीक अक्षरात. बाबांची ईपीएसची पेन्शन महिना अडीच हजारसुद्धा नाही, त्यामुळे २७,००० ऐकल्यावर बाबा म्हणाले, "एवढ्यात आमच्या वेळी अख्खी शिफ्ट चालायची." दादाने अर्धे देतो म्हटलं, अर्धे माझे आणि थोडे एफडीच्या व्याजातून. यावर आमची भावाबहिणीची जी भांडणं झाली ती इथे लिहीत नाही, ती सगळ्यांच्या घरी होतात.

पहिली बाई लातूरकडची, तिशीतली, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आली. कामाला चांगली, बाबांना नीट धरायची. गाडं अडलं पाण्यावर. पिंपरी-चिंचवडला २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं, आलं की पिंप, बादल्या, माठ सगळं भरून घ्यायचं, आणि आई तिला म्हणाली जरा दोन बादल्या भर गं. ती म्हणाली हे पेशंटचं काम नाही. आई म्हणाली पेशंट आंघोळ कशाने करणार मग? तसं बघितलं तर दोघींचं बरोबर होतं. मग आईने स्वतःच बादली उचलली, मोठा आवाज करत, आणि हे सगळं मला दोघींनी वेगवेगळा फोन करून सांगितलं. त्यानंतर चहा. ती दिवसातून चार वेळा चहा घ्यायची, स्वतः करून, आणि ओला चमचा साखरेच्या डब्यात. ओला चमचा! आईने मला हे ज्या आवाजात सांगितलं त्या आवाजात लोक चोरी झाल्याचं सांगतात.

७ मेला लातूरचं मतदान होतं लोकसभेचं. बाई म्हणाली दोन दिवस जाऊन येते. गेली ती गेलीच. बाबा तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मला तेव्हाच कळलेलं, पिशवी दोन दिवसांची नव्हती."

मग ब्युरोने मामा पाठवले. पुरुष पेशंटला पुरुष म्हणून मलाही बरं वाटलं कारण बाबांचा आंघोळीचा मोठा प्रश्न होता, बाईमाणसाने मला आंघोळ घालायची नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. मामा आले, आयपीएल चालू होती, बाबा आणि ते दोघं रात्री अकरापर्यंत मॅच बघायचे, बाबा इतके खूश मी कित्येक वर्षांत बघितले नव्हते. पण आई. तिला स्वतःच्या घरात परका पुरुष हॉलमध्ये झोपलाय हे सहन होईना, रात्री पाणी प्यायला उठायचं तर गाऊनवर ओढणी घेऊन, दुपारी जरा आडवं व्हायचं तर दार लावून. ती बोलली नाही, तिने जेवण कमी केलं. नवव्या दिवशी काकूंनी मला फोन केला की तुझी आई दुपारभर आमच्याकडेच येऊन बसते गं, काही झालंय का? मामांना नाही म्हणून सांगताना मला फार वाईट वाटलं, त्यांचं काही म्हणजे काहीच चुकलं नव्हतं.

त्या रविवारी मी पहिल्यांदा नीट बसले आईजवळ. शुक्रवारची सिंहगड पकडून आले होते, शनिवार ब्युरोवर ओरडण्यात गेला होता. आई गवार निवडत होती. मी म्हटलं, तुला नक्की काय नकोय ते सांग, काय हवंय ते नको सांगूस. दोन महिने आम्ही सगळे बाबांसाठी बाई, बाबांना काय लागतं, बाबांना कसं धरायचं याच्या याद्या करत होतो आणि ज्या घरात ती बाई चोवीस तास राहणार ते घर चालवणारीला कोणी एक प्रश्न विचारला नव्हता. मला ब्युरोतल्या बाईंचं बोलणं आठवलं आणि जरा लाजही वाटली, त्यांना फोनवर दहा मिनिटांत कळलं ते मला, पोटच्या मुलीला, दोन महिने लागले कळायला.

आईने मान वर न करता धडाधड सांगितलं. माझ्या ओट्याला हात लावायचा नाही. फ्रिज उघडायचा तर विचारून. माझ्यासमोर ह्यांना पेशंट म्हणायचं नाही. फोनवर मोठ्याने बोलायचं नाही. दुपारी दीड ते तीन मला कोणी हाक मारायची नाही. आणि मग, बऱ्याच वेळाने, गवारीच्या शिरा काढत: रात्री ह्यांना उठवायला तिने एकटीने जायचं, मला उठवायचं नाही, मला झोप हवीये.

हे शेवटचं ऐकून मी उठून बाल्कनीत गेले. सात वर्षं ती रात्री चार-चार वेळा उठत होती.

हे सगळं मी एका कागदावर लिहिलं, एका बाजूला बाबांचं, दुसऱ्या बाजूला आईचं, आणि ब्युरोत प्रत्यक्ष जाऊन दिलं. रात्री चार वेळा उठतात हेही खरं सांगितलं. त्या बाई कागद वाचून म्हणाल्या, बाथरूमला जाऊन लगेच झोपत असतील तर चारदा चालेल, पण दुपारी तिला दोन तास झोपू द्यायचं, मान्य असेल तर एक मावशी आहेत. म्हणजे आधी खरं सांगितलं असतं तरी चाललं असतं.

मावशी मेच्या शेवटी आल्या. धाराशिवकडच्या, बावन्न-त्रेपन्न वय, कपाळावर बुक्का, एक पिशवी आणि स्वतःचा स्टीलचा ग्लास. मी तीन दिवस रजा टाकून राहिले, आणि आता कोणी विचारलं तर मी हेच सांगते की पैसे थोडे कमी-जास्त द्या पण पहिले तीन दिवस तुम्ही घरात पाहिजे, कारण कोणती गोळी कधी हे कागदावर लिहिता येतं पण बाबा "नको" म्हणाले म्हणजे खरंच नको का दोन मिनिटं थांबून परत विचारायचं हे दाखवूनच द्यावं लागतं. बाबांची पार्किन्सन्सची गोळी जेवणाच्या आधी अर्धा तास, दुधाबरोबर नाही, कारण दूध-डाळीतल्या प्रोटीनने ती गोळी नीट लागू पडत नाही. आई सात वर्षं दुधाबरोबरच देत होती, पोटाला बरं म्हणून. डॉक्टरांनी सांगितलेलं असणार, ऐकलं कोणी नाही.

आंघोळीचं असं केलं की आंघोळीचं स्टूल आणलं, भिंतीला दोन दांडे बसवले, आणि सकाळी तासाभरासाठी एक मामा येतात, २५० रुपये, ते फक्त आंघोळ आणि दाढी करून जातात. बाबांची अब्रूही राहिली आणि मावशींची कंबरही.

दुसऱ्या दिवशी मावशी मला म्हणाल्या, "ताई, बाबा पडायले नाहीत, भ्यायलेत." त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. चौकट आली की बाबांना आधी भीती वाटायची आणि मग पाय थांबायचे. फिजिओने आम्हाला पूर्वी दोन गोष्टी सांगितलेल्या, एक म्हणजे बाथरूमच्या दाराबाहेर जमिनीवर वीत-दीड वीत अंतरावर रंगीत चिकटपट्ट्या लावायच्या म्हणजे पट्टी ओलांडायची म्हणून पाय उचलला जातो, आणि दुसरं म्हणजे ठेका धरायचा, एक-दोन, एक-दोन. पट्ट्या मी लावल्या, लाल. ठेक्याचं मावशींना सांगितलं तर एक-दोन त्यांच्या तोंडी बसेना, त्या म्हणायच्या "ग्यानबा", बाबांचा डावा पाय, "तुकाराम", उजवा. बाबा म्हणजे कट्टर नास्तिक, गणपतीच्या वर्गणीवरून सोसायटीत भांडलेला माणूस. पहिल्या दिवशी म्हणाले हे असलं चालणार नाही. दुसऱ्या दिवशी चालले. मी फोनवर विचारलं तर म्हणाले, "पाय वारकरी झालेत, बाकीचा मी नाही."

सगळं गोड होतं असं नाही. पुढच्या शनिवारी गेले तर माझ्या लक्षात आलं की फ्रिजवर एक स्टीलचा कप वेगळा ठेवलाय, उपडा. मावशींचा चहाचा. आम्ही बाकीचे चिनी मातीच्या कपात. मावशी त्यांचा कप स्वतः विसळायच्या आणि परत तिथेच उपडा ठेवायच्या, काही बोलायच्या नाहीत. मी आईला आत नेऊन विचारलं हे काय आहे. आई म्हणाली, त्यांना काही वाटत नाही, तुलाच वाटतंय. मी म्हटलं त्या स्वतःचा ग्लास घेऊन आल्यात याचा अर्थ कळतो का तुला, प्रत्येक घरी त्यांना वेगळाच मिळालाय. आई म्हणाली, तू आठवड्यातून एकदा येतेस आणि मला शिकवतेस. ते खरंच होतं, त्यामुळे मला पुढे बोलता आलं नाही. बाबांच्या हातून तोवर तीन कप फुटले होते, हात थरथरतो ना, म्हणून मी येताना चिंचवड स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानातून कानवाले सहा स्टीलचे कप आणले, सगळे सारखे, आणि चिनी मातीचे माळ्यावर टाकले. बाबांना फुटणारे नकोत म्हणून, असं सांगितलं. आईला खरं कारण कळलं होतं, पण ती काही बोलली नाही आणि मीही नाही. आता कोणता कप कोणाचा ते सांगता येत नाही. आईचं मन बदललं का ते मला माहीत नाही, मी विचारलेलं नाही.

दादाने ऑकलंडहून ऑनलाइन वाय-फाय कॅमेरा मागवून पाठवला, बेडरूममध्ये लावा म्हणाला, म्हणजे त्याला तिथून बघता येईल. मी लावला. मावशी रात्री त्याच खोलीत खाली झोपायच्या, दोन दिवसांनी त्यांनी त्या कॅमेऱ्यावर बाबांची माकडटोपी घातली. दादाचा फोन, काळं दिसतंय! मी मावशींना विचारलं तर म्हणाल्या, मी लुगडं कुठं बदलू ताई? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॅमेरा हॉलमध्ये आला, मुख्य दाराकडे तोंड करून. दादा अजून कुरकुरतो. त्याची काळजी मला कळते, एवढ्या लांबून त्याला फक्त बघताच येतं, पण जिथे माणूस झोपतो आणि कपडे बदलतो तिथे कॅमेरा नाही म्हणजे नाही. त्याऐवजी आम्ही मावशींचं आधार, फोटो आणि गावचा पत्ता ब्युरोकडून घेऊन चौकीत माहितीचा फॉर्म भरून दिला आणि घरातले दागिने लॉकरला टाकले. आईच्या हातातल्या पाटल्या तेवढ्या राहिल्या, त्या काढायला ती तयार नाही.

ओट्याचं काय झालं ते सांगायचं राहिलं. नियम होता हात लावायचा नाही. पण मावशींना पोळी पुरेना, भाकरी लागते, आणि आईची मनगटं दुखतात म्हणून आमच्या घरात भाकरी बंद होऊन चार-पाच वर्षं झालेली. जूनमध्ये एकदा आई ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेला गेली आणि मावशींनी ज्वारीचं पीठ आणून चार भाकरी थापल्या. बाबांनी दोन खाल्ल्या, ठेच्याबरोबर. आई परत आली तर ओट्यावर पिठाचा हात आणि तव्याला करप. त्या रात्री मला पावणेदहाला फोन, ही बाई नको. मी मनात ब्युरोचा नंबर शोधायला लागले. सकाळी परत फोन, आवाज वेगळा, म्हणाली, पीठ कुठून आणलंय विचार तिला, चांगलं आहे. आता असं आहे की दुपारी बारा ते पाऊण ओटा मावशींचा, त्या वेळात आई स्वयंपाकघरात येत नाही, हॉलमध्ये बसून आतले आवाज ऐकते आणि हॉलमधूनच सूचना देते. आईही भाकरी खाते. करप अजून तिलाच काढावी लागते असं तिचं म्हणणं आहे.

सुट्ट्यांचं मात्र कोणीही आधी सांगत नाही. ब्युरो म्हणतो महिन्याला दोन सुट्ट्या, रिलीव्हर, म्हणजे बदली बाई, आम्ही देऊ. जूनच्या शेवटी तुकोबांची पालखी देहूहून निघाली, देहूबाहेरचा पहिला मुक्काम आकुर्डीला, म्हणजे आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, मावशींना पंधरा दिवस जायचं होतं, रडकुंडीला येऊन त्यांनी एक दिवस घेतला, आकुर्डीपासून पुण्यापर्यंत चालून रात्री परत आल्या. त्या दिवशी रिलीव्हर सकाळी नऊला येणार होती. साडेनऊला फोन केला तर "निघालीये मॅडम, बसमध्ये आहे". अकराला बसमध्ये. दीडला बसमध्ये. मी नशिबाने तिथेच होते. रात्री बाबांना बाथरूमला नेताना मी एक-दोन म्हणत होते तर ते चौकटीत थांबले आणि म्हणाले, अगं नीट म्हण.

मग जुलैत लाडकी बहीणचे फॉर्म सुरू झाले आणि अख्ख्या ब्युरोतल्या बायका गावाला गेल्या, ओळखीतल्या तीन घरांत एकाच आठवड्यात बाई नाही. मावशींचं रेशनकार्ड केशरी म्हणजे उत्पन्नाचा दाखला लागत नव्हता, पण बँक खातं होतं त्याचं एटीएम कार्ड मुलाकडे, आणि आधार भलत्याच खात्याला जोडलेलं. इथे मात्र मी कामाला आले, बावीस वर्षं बँकेत काढलीयेत, त्यांना चिंचवडमध्येच त्यांच्या एकटीच्या नावावर नवीन खातं काढून दिलं, आधार त्याला जोडून घेतलं आणि एटीएम कार्ड त्यांच्या हातात दिलं. तेव्हा कुठे त्यांनी मला सांगितलं की आम्ही देतो त्या ९०० मधले त्यांना ७०० मिळतात. म्हणजे महिन्याला सहा हजार ब्युरोचे. मला राग आला, परस्पर ठेवून घ्यावं असं फार वाटलं, दंडाचा आकडाही काढून बघितला. मावशीच नको म्हणाल्या. तुमच्याकडचं काम संपल्यावर दुसरं काम मला ब्युरोच देणार ना ताई. संपल्यावर म्हणजे काय ते दोघींना कळलं आणि आम्ही विषय बदलला. आता मी ५० रुपये रोजचे वेगळे देते, त्यांच्या नव्या खात्यात, ब्युरोला न सांगता. दिवाळीला एका महिन्याचे पूर्ण २१,००० दिले, ७०० च्या हिशोबाने, आणि दिवाळी आणि विधानसभेचं मतदान यांच्या मधले अठरा दिवस त्या गावी होत्या तेव्हा मी आणि माझा नवरा आलटून पालटून. नवऱ्याने ग्यानबा-तुकाराम चालीवर म्हणायला घेतलं तर बाबा म्हणाले हे कीर्तन नाही, नुसतं म्हण.

११ एप्रिलला जागतिक पार्किन्सन्स दिन असतो, त्या सुमाराला पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या कार्यक्रमाला मी आईला घेऊन गेले, बाबा आले नाहीत, जिने नकोत म्हणाले. तिथे चहाच्या वेळी शेजारच्या बाईंना आई सांगत होती, आमच्याकडे एक मावशी आहेत, मी ठेवल्यात. मी ठेवल्यात! मी शेजारी उभी राहून बिस्किट खाल्लं.

आता परवापासून मावशी दीड महिना गावी गेल्यात, लेकीचं बाळंतपण आहे. आईने जाताना त्यांना डिंकाचे लाडू दिले लेकीसाठी, स्वतः वळलेले, मनगटं दुखत असताना. बदली बाईसाठी कागद परत नीट लिहून काढला, आईच्या बाजूला आईने स्वतः दोन ओळी वाढवल्यात, एक म्हणजे भाकरी येत असली पाहिजे, आणि दुसरी खोडलीये, मला वाचता आली नाही.

बाई आज सकाळी नऊला येणार होती. मी कालच येऊन बसलीये. आत्ता पावणेअकरा झालेत, ब्युरोला फोन केला होता, बसमध्ये आहे म्हणतायत.